एक वीत, एक ज्वारीचा दाणा

मागच्या शिवारात कालपासून हळद शिजते आहे. वाऱ्याने तोंड फिरवलं की वाफेचा तो वास थेट घरात शिरतो. ओल्या मातीचा, कच्च्या आल्यासारखा उग्र, आणि पोटात कुठेतरी गोडसर. वाशीमकडे जाणाऱ्या गाड्यांतले लोक कनेरगाव नाक्यावर चहाला उतरतात आणि म्हणतात, काय सुरेख वास आहे हो तुमच्याकडे. त्यांना चहा पिऊन पुढे जायचं असतं. ज्याला पुढे जायचं असतं त्याला सगळेच वास सुरेख लागतात. मला मात्र हा वास आला की उजव्या पायाच्या नडगीला खाज सुटते. प्लास्टर निघून कितीतरी हंगाम झाले, हाड जुळलं, मी पुन्हा टेम्पोवर चढायला लागलो. पण हळदीची पहिली कढई चढली की पाय विसरतो की तो मोकळा आहे.

माझा धंदा शेळ्या-बोकडांचा. वडील लोकांची मेंढरं राखायचे, मी ती विकायला शिकलो, एवढाच आमच्या दोन पिढ्यांतला फरक. बोकडाच्या पाठीवरून हात फिरवून मी त्याचं वजन सांगतो आणि मालकाच्या तोंडाकडे बघून त्याची गरज. आमच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. हातावर दस्ती टाकायची, म्हणजे रुमाल, आणि तिच्याखाली एकमेकांची बोटं दाबायची. वर चेहरे कोरडे ठेवायचे. दस्तीखाली मला आजवर कुणी फसवलेलं नाही. डोकं लवकर तापतं हे खरं, पण तापलेल्या डोक्यानेसुद्धा मी तोट्याचा सौदा केलेला नाही. एक सोडून. तो एक मला अजून पचलेला नाही.

गावामागून पूर्णा-अकोला छोटी लाईन जायची. मीटरगेज हा शब्द मला पुष्कळ उशिरा कळला. लहानपणी मी रुळांच्या कडेने मेंढरं चारायचो, कारण तिथलं गवत कुणाच्या मालकीचं नव्हतं. गाडी आली की मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली डोकी खुपसायची आणि मी उभा राहायचो. खिडक्यांतून बाहेर आलेले हात, केळीची सालं, एखादं रडणारं लेकरू, डोळ्यात गेलेला कोळशाचा कण. मग ते सगळं निघून जायचं आणि मी तिथेच. मेंढरं सोडून जाता येत नाही. राखणाऱ्याच्या पायातलं दावं दिसत नाही, पण असतं.

पुढे हातात पैसा आला तेव्हा माझ्या बरोबरीच्यांनी मोटारसायकली घेतल्या. मी आगगाडी करायला घेतली. नव्वदनंतरची ती वर्षं. कोळशाची इंजिनं एकेक करून दिसेनाशी होत होती. मला वाटलं, एक तरी आपल्याकडे धरून ठेवावं.

सामान इथलंच. ढाब्यांवरचे तेलाचे रिकामे डबे कापून गाडीचे डबे केले. मोडक्या छत्र्यांच्या काड्या सरळ करून रूळ. कुल्फीच्या काड्यांचे स्लीपर. शिलाई मशीनची लोखंडी बॉबिन मधोमध कापली की दोन चाकं मिळतात, आणि त्यांना रुळावरून घसरू न देणारी कड आयतीच असते. इंजिनाच्या पोटात जुन्या टेपरेकॉर्डरची मोटर आणि सेल. पहिल्यांदा ते स्वतःच्या जिवावर हाताएवढं अंतर चाललं तेव्हा मी वरच्या खोलीत एकटाच होतो. खाली जाऊन कुणाला सांगावं असं वाटलं, पण शेळ्यांचं गिऱ्हाईक दारात उभं होतं.

मापासाठी मी माझी रीत काढली. फूटपट्टीपेक्षा मला हात जवळचा. खऱ्या गाडीची एक वीत म्हणजे माझ्या गाडीचा एक ज्वारीचा दाणा. स्टेशनात गाडी थांबली की डब्याला वितीने मोजत जायचं, दर वितीला एक दाणा खिशात टाकायचा. घरी ते दाणे टेबलावर एका ओळीत लावायचे आणि ओळ संपेल तिथे पत्रा कापायचा. आकडा नको, कागद नको. खिडकीतले लोक विचारायचे, "काहून बापू, गाडी इकत घेऊन राहिला का?" मी म्हणायचो, "तू भाव तर सांग!"

जमवायचा नाद वेगळाच. औंढ्याच्या जत्रेतल्या पत्र्याच्या गाड्या, किल्लीच्या, दोरीच्या, सगळ्या मी फळीवर मांडून ठेवल्या आहेत. हैदराबादेत जुन्या वस्तूंच्या बाजारात एकदा मुठीएवढं विलायती इंजिन दिसलं, एक चाक तुटलेलं. दुकानदार म्हातारा होता. मी उठून गेलो, परत आलो, भांडलो, पुन्हा उठून गेलो. शेवटी तोच वैतागला. "मियाँ, तुम जाते बी नईं, लेते बी नईं. पैले खाना तो खालो." त्याने स्वतःच्या डब्यातली भाकरी पुढे केली. ती खाऊनही मी भाव सोडला नाही. संध्याकाळी त्याने ते इंजिन माझ्या हातावर ठेवलं, ते बहुतेक माझं तोंड पुन्हा दिसू नये म्हणून.

पाय मोडला त्या हंगामात वरच्या खोलीत टेबलावर माझी छोटी लाईन जवळजवळ पुरी झाली होती. ओढा होता, त्यावरचा पूल होता, फाटक होतं, रुळांच्या कडेने कापसाची मेंढरं होती. फक्त स्टेशन राहिलं होतं. ते मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं, जेवणात गोड शेवटी ठेवतात तसं.

शिमग्याच्या सुमारास शिरड शहापूरकडून माल भरून येताना मी टेम्पोच्या फाळक्यावरून खाली पडलो, आणि माझ्यावर एक जबर बोकड. मांडीपासून पावलापर्यंत प्लास्टर घातलं. जिना लोखंडी, उभा आणि अरुंद. तो चढायचा विचारही करायचा नाही, असं डॉक्टरने बजावलं. दुकानामागच्या खोलीत माझी खाट पडली.

त्या खोलीला एकच खिडकी. गजांतून लिंबाची एक फांदी दिसायची आणि तिच्या खाली रेल्वेच्या भरावाची कड. रूळ दिसत नव्हते. गाडी यायची ती आधी खाटेच्या लोखंडात, मग कानात, आणि डोळ्यांपर्यंत पोचायचीच नाही. ऊन वाढत गेलं तशी भिंतीला पाठ लावणं अवघड झालं. प्लास्टरच्या आत घाम उतरायचा आणि मग खाज अशी सुटायची की दात आवळून धरावे लागायचे. रुळांसाठी ठेवलेली छत्रीची काडी मी प्लास्टरमध्ये घालून खाजवायचो. माझी आगगाडी माझ्या डोक्यावर होती, मधे फक्त स्लॅब. मी तासन्‌तास त्या स्लॅबकडे बघायचो आणि ओढा कुठे, फाटक कुठे, ते चुन्याच्या डागांवरून ठरवायचो.

माझी बायको कमल, तिने खाटेच्या दांड्याला शेळीच्या गळ्यातली घंटी बांधून दिली. "काई लागलं तर वाजवा, बोंबलू नका." मी दोन्ही करायचो. पाणी पाहिजे, घंटी. उशी सरकली, घंटी. बाहेर कोण बोलतंय, घंटी. दुकानात कमल गिऱ्हाइकाला भाव सांगते आहे आणि कमी सांगते आहे असं वाटलं, तर घंटी आणि बोंब.

त्यातच बातमी आली. छोटी लाईन बंद होणार, मोठी येणार. जुनं स्टेशन पाडणार. चहाच्या टपरीवर लोक खूश होते. मोठ्या गाड्या येतील, लांब जाता येईल. मी गजांना धरून बसलो. दगडी भिंतींचं, उतरत्या कौलांचं ते ठेंगणं स्टेशन मी बालपणापासून रोज बघत आलो होतो आणि त्याला एकदाही वीत लावली नव्हती. प्लास्टर निघेपर्यंत ते राहणार नव्हतं. डोळ्यांपुढे असलेली वस्तू डोळ्यांनी करता येत नाही. तिला माप लागतं.

माझा धाकटा भाऊ किसन शेती बघतो. त्या वर्षी हळद शिजवून वाळत घातली आणि आभाळ भरून यायला लागलं. तो खाटेशी येऊन बसला, डोक्यापासून पायापर्यंत पिवळा.

"दादा, ढग येऊन राहिले. हळद भिजली तर काळी पडते. वरची खोली दे."

"वर गाडी हाय."

"गाडीच्या बाजूनं थप्पी लावतो. टेबलाला हात लावत न्हाई."

"अन् मला काय?"

"तुला हळद लावून पुन्हा नवरदेव करतो!"

मला हसू आलं नाही. "टेसन मोजून आण. लांबी, उंची, दारं, खिडक्या. पाडायच्या आत. माझ्या रितीनं, वितीला दाणा."

"मी? लोकं म्हणतील, किसन टेसनाला विती लावून राहिला!"

"मला म्हणतात तेच म्हणतील."

उशाखालची दस्ती काढून मी हातावर टाकली. दाबायला भाव नव्हता, पण सवय. तिच्याखाली किसनचा हात आला, भेगाळलेला, गरम. त्याने हात दिला. आमच्यात हात दिला की सौदा झाला. मग शेळी दारात मेली तरी ती घेणाऱ्याची.

त्या दिवसापासून स्लॅबवर पोती आदळायला लागली. एकेक पोतं पडलं की मी अंदाज घ्यायचो, ते ओढ्यावर पडलं की फाटकावर. जिन्यावरून उडालेली पिवळी धूळ गजांतून आत येऊन माझ्या पांघरुणावर बसायची. मी घंटी वाजवायचो. वरून किसन ओरडायचा, "टेबल सलामत हाय, टेसनमास्तर!"

मग काही दिवसांनी पुरचुंड्या यायला लागल्या. किसन दारातूनच फेकायचा. "ही लांबी." पुन्हा मधे बरेच दिवस काही नाही. "हे दार." मी विचारायचो, एवढा वेळ काहून लागून राहिला? तो म्हणायचा, "टेसन काय शेळी हाय का दादा, उचलून बघायला!" मी पुरचुंड्या उशाखाली ठेवायचो. त्यांच्यावर डोकं ठेवलं की दाणे आतल्या आत सरकायचे, आणि तेवढा वेळ खोली जरा मोठी वाटायची.

त्याच दिवसांत कमल दुपारी किसनच्या मळ्यात हळद निवडायला जायला लागली. हंगामात हात कमी पडतात, मी काही बोलू शकलो नाही. उन्हात गल्ली ओस पडायची. मी घंटी वाजवत राहायचो. कुणी येणार नाही हे माहीत असून वाजवायचो. तिचा आवाज भिंतींना लागून माझ्याकडेच परत यायचा.

शेवटची गाडी गेली तेव्हा सगळं गाव स्टेशनात होतं. मला फक्त भोंगा ऐकू आला, नेहमीपेक्षा लांब. त्यानंतर खाटेचं लोखंड थरथरायचं थांबलं. मग रूळ उखडण्याचे घाव.

प्लास्टर निघालं, हळद बाजारात गेली, खोली रिकामी झाली. मी काठी टेकत जिना चढलो. टेबल सलामत होतं, पण रूळ, पूल, मेंढरं, सगळं पिवळं. ते मी आजही पुरतं पुसू शकलेलो नाही. पुरचुंड्या उघडल्या, दाणे ओळीने लावले, पत्रा कापला, कौलं रंगवली. किती दिवस मी खाली नीट जेवलो नाही. स्टेशन जागेवर बसवलं आणि समोर गाडी आणून उभी केली.

स्टेशन मोठं झालं होतं. थोडंथोडकं नाही. खिडक्या डब्यांच्या खिडक्यांवरून वर गेल्या होत्या. दाराशेजारी इंजिन ठेंगणं दिसत होतं. फलाटाशी लागलेली माझी गाडी बाजारात चुकलेल्या करडासारखी दिसत होती. तसाच लंगडत मी स्टेशनकडे गेलो. तिथे सपाट केलेली जमीन आणि दगडांचा ढीग. वीत लावावी असं काही शिल्लक नव्हतं.

किसन टपरीवर चहा पीत होता. मी चार लोकांसमोर म्हणालो, "तू गेलाच न्हाईस. ढाब्यावर बसून मुठी भरल्यास."

"दादा, दाणे बराबर हायेत."

"खोटं."

"बराबर हायेत म्हणलं न मी!" त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. अजून काही बोलेल असं वाटलं, पण अर्धा चहा तसाच ठेवून तो उठला. तेव्हापासून आम्ही एकमेकांशी बोललो नाही. बांधापलीकडे त्याचं बियाणं पेरलं जातं, माझ्या दारावरून त्याचा ट्रॅक्टर जातो, आणि मी दुसरीकडे बघतो.

आता मोठी लाईन आहे. गाड्या लांबलचक आहेत, जोरात जातात, घराच्या भांड्यांना हादरे बसतात. संध्याकाळी मी वर जातो आणि माझी छोटी गाडी सुरू करतो. ती ओढ्यावरून जाते, फाटक ओलांडते, त्या राक्षसी स्टेशनासमोरून मान खाली घालून निघते आणि फिरून माझ्यापाशी येते. कधीकधी वाटतं, ज्या गाडीने लहानपणी मला रोज मागे ठेवलं तिला मी एका टेबलावर बांधून ठेवलं आहे. आणि ती फिरत असताना मला तिथून उठता येत नाही, म्हणजे बांधलेलं नेमकं कोण आहे?

आज कमल वर आली, हातात फडकं घेऊन. उद्या किसनच्या पोरीची हळद आहे. ती टेबल पुसत राहिली, मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "अवो, उद्या तुमी येऊन राहिले न?"

"ज्यानं मला खोटे दाणे दिले त्याच्या दारात?"

तिने फडकं ठेवलं. स्टेशनाच्या बाजूला टेबलावर हात टेकला आणि बोटं ताणून पसरली. "तुमचा हात ठेवा इथं."

मी ठेवला. तिच्या करंगळीच्या पुढे माझी करंगळी चांगली दोन बोटं गेली. वीत लहान, म्हणजे दाणे जास्त.

"तू?"

"भावजी हळदीत गुतले व्हते. म्हणले, वहिनी, दादाला हात देऊन बसलो, आता कसं करू? मी म्हणलं, मी जाते."

"अन् मळ्यात?"

"मळ्यात कवा गेलेच न्हाई."

माझं डोकं तापलं. "म्हंजे सौदा माझ्याशी करून त्यानं तुला उन्हात पाठवलं!"

"त्यानं न्हाई पाठवलं. मला जायचं व्हतं."

"विती मोजायला इतक्या दुपारी?"

"मोजून तर एकाच दुपारी झालं असतं." ती स्टेशनाच्या कौलांवरची धूळ अंगठ्याने काढत होती. "लिंबाखाली बाकडं व्हतं. तिथं बसायची. गाडी यायची. बाया उतरायच्या, कुठून आल्या म्हणून इचारायची. एक तर खांडव्याची व्हती, तिनं मला चिवडा दिला. मंग उठून एखादी खिडकी मोजायची अन् घरी यायची."

"इतकी वर्षं बोलली काहून न्हाईस?"

"भावजींनाबी मीच बोलू दिलं न्हाई. बोलले असते तर तुमी इचारलं असतं, टेसनावर इतका येळ काय करत व्हतीस."

"काय करत व्हतीस?"

"काई न्हाई," ती म्हणाली. "तिथं तुमची घंटी ऐकू येत न्हवती."

फडकं झटकून ती खाली गेली. जिन्याच्या लोखंडावर तिची पावलं वाजली आणि थांबली.

हळद निवडणाऱ्या बायकांचे तळहात महिनाभर पिवळे राहतात. त्या उन्हाळ्यात पाण्याचा तांब्या माझ्या हातात देणारे हात मला आता आठवतात. ते स्वच्छ होते. माणसाच्या तोंडावरून त्याची गरज ओळखण्यावर मी घर बांधलं, दुकान बांधलं.

किसनशी माझं मिटलेलं नाही. हात त्याने दिला होता, कमलने नाही; खोली त्याने घेतली आणि काम दुसऱ्याने केलं. उद्या हळदीला जाईन आणि वाजंत्र्यांच्या गोंगाटात हे त्याच्या कानात सांगेन. तो काय म्हणतो ते बघू. काही म्हणाला तर पुष्कळ झालं.

स्टेशनाच्या दाराशी मी ती शेळीची घंटी टांगली होती. गाडी सुटताना वाजवायला स्टेशनात घंटा लागते, आणि ही घरात होतीच. ती मी सोडवली, जीभ बोटाने धरून, वाजू न देता, आणि खिशात घातली. मग खाली गेलो. कमल कणीक तिंबत होती.

"ते बाकडं," मी म्हणालो, "किती लांब व्हतं?"

तिने माझ्याकडे बघितलं. हात धुतले, पदराला पुसले. क्षणभर डोळे मिटून ती कुठेतरी बसून आली, आणि मग ओट्याच्या कडेवर एकेक वीत टाकत निघाली. मी ज्वारीच्या डब्यात हात घातला आणि तिच्या प्रत्येक वितीला एक दाणा मुठीत घेत गेलो.